खड्ड्यातली कचेरी

माझा भाऊ ऑरिन थॅक्स्टर आधी वकील होता, मग बँकवाला झाला आणि पुढे लोकांनी त्याला प्रोबेट जज्ज म्हणून निवडून दिलं. मेलेल्यांची इस्टेट, पोरक्या मुलांचं पालकत्व, सरकारी जमिनीच्या साक्षी असलं सगळं जज्जाच्या टेबलावर यायचं. वकिली, बँक आणि जज्जगिरी ही तिन्ही कामं तो एकाच टेबलावर करायचा आणि त्या टेबलावरची धूळ मी पुसायची. मी त्याची मोठी बहीण, फिडेलिया. नवरा गेल्यावर व्हरमाँट सोडून डाकोटात त्याच्याकडे आले ती एका भावाचं घर सांभाळायला, आणि इथे बघते तर एकाच्या जागी तीन पुरुष. वकील भांडकुदळ, बँकवाला भित्रा आणि जज्ज आढ्यतेखोर. अंडं जरा जास्त शिजलं की मात्र तिघंही एकत्र कुरकुरायचे.

वकिली करायला आला तेव्हा त्याच्याजवळ कायद्याच्या पुस्तकांनी भरलेलं एक पिंप होतं, बस. पहिली दोन वर्षं पक्षकारांनी त्याला बटाटे दिले, गवत दिलं. एकाने तर अर्धं डुक्कर दिलं आणि उरलेलं अर्धं विरुद्ध बाजूच्या वकिलाला. बँकही त्याने काही ठरवून काढली नाही, ती त्याच्या गळ्यात पडली. बुडालेल्या एका व्यापाऱ्याने फीच्या बदल्यात त्याला आपली लोखंडी तिजोरी दिली. गावात दुसरी तिजोरी नव्हती. लोक येऊन म्हणायला लागले, वकीलसाहेब, आमचं एवढं ठेवून घ्या. त्याला नाही म्हणता येत नसे, हा त्याचा जन्माचा दोष. जज्ज झाल्यावर मात्र त्याला हौस सुचली. बँकेच्या दारावर त्याने सोनेरी अक्षरांत लिहून घेतलं: ‘ओ. थॅक्स्टर, प्रोबेट जज्ज. कचेरी.’ अक्षरं मनासारखी येईपर्यंत रंगाऱ्याला इतक्यांदा पुसायला लावलं की तो बिचारा गावच सोडून जायला निघाला होता.

गाव सोडण्यावरून आठवलं. आमच्या पाल्मायरा गावाला रेल्वे येणार येणार म्हणून आम्ही चार वर्षं डोळे लावून बसलो होतो. ती आली, आणि सात मैलांवरून निघून गेली. तिथल्या स्टेशनाला कंपनीने कुण्या डायरेक्टरच्या मुलीचं नाव दिलं, इमोजीन. पाल्मायरात दोन दिवस सुतक होतं. तिसऱ्या दिवशी ऑरिनने सगळ्यांना बँकेत बोलावलं आणि सांगितलं की रेल्वे गावाकडे येत नसेल तर गाव रेल्वेकडे जाईल, बर्फ आहे तोवर उचला. मग काय, घरं लाकडी ओंडक्यांवर चढवली, पुढे बैल आणि घोडे जुंपले आणि निघालं गाव बर्फावरून. हॉटेल गेलं ते आत जेवणाऱ्या पाहुण्यांसकट. न्हाव्याने तर चालत्या दुकानात एकाची दाढी केली आणि त्याच्या हनुवटीवर अजून त्या प्रवासाची खूण आहे. तालुक्यातली होती नव्हती ती फळी, तुळई आणि सुतार त्या कामात अडकले.

आता गुनहिल्डबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिची आहे.

गुनहिल्ड ब्रेक्के आणि तिचा नवरा टॉल्लेफ नॉर्वेहून आलेले. सरकारी जमिनीवर त्यांनी मातीच्या ढेपांचं घर बांधलं, विहीर खणली, नांगरट केली. इथला कायदा असा की पाच वर्षं जमिनीवर राहायचं, ती कसायची, राहण्यालायक घर ठेवायचं. मग पेपरात नोटीस द्यायची की अमक्या दिवशी, अमक्या गावी, अमक्या जज्जाच्या कचेरीत, अमक्या साक्षीदारांसह मी पुरावा देईन. तो पुरावा दिला की जमीन कायमची तुमची. नोटिशीतला दिवस चुकला, गाव चुकलं, माणूस चुकला, तर सगळं मुसळ केरात. टॉल्लेफच्या मुदतीचा अगदी शेवटचा काळ उरला होता. दिवस टळला असता तर दुसऱ्या सकाळी कुणीही लँड ऑफिसात जाऊन ती जमीन आपल्या नावावर मागू शकत होता.

आणि जानेवारीच्या हिमवादळात टॉल्लेफ गेला. गोठ्यातून घरी येताना वाट चुकला. घरापासून हाकेच्या अंतरावर सापडला, तोही वादळ ओसरल्यावर. पुरायची पेटी करायला लाकूड नव्हतं. झाड आमच्याकडे ओढ्याकाठी, तेही मनगटाएवढं, आणि फळ्या सगळ्या गावाच्या घरांखाली. गुनहिल्डने घराचं दार काढलं आणि त्याची पेटी केली. मी तिथे होते. ठोकताना तिचा हात एकदाही चुकला नाही. मी माझी शाल आत अंथरली, आणि दाराच्या जागी आम्ही बायसनचं केसाळ कातडं लटकवलं. शेजारच्या आस्लाकने, तो त्यांच्या चर्चचा उपदेशक, बायबल वाचलं. ऑरिन तेव्हा राजधानीत कुठल्याशा बैठकीला गेला होता. त्याला टॉल्लेफ गेल्याचं कळलं, दाराचं कळलं नाही. मीही बोलले नाही. काही गोष्टी जेवणाच्या टेबलावर सांगायच्या नसतात.

त्यानंतर विधवा म्हणून नवऱ्याच्या जमिनीचा पुरावा गुनहिल्डने द्यायचा ठरला. नोटीस ऑरिननेच लिहिली. पाल्मायरा गावी, माझ्या कचेरीत, असं वळणदार अक्षरात लिहिलं, छापायला दिली, आणि त्याच आठवड्यात आपली बँक हलवायचा दिवस ठरवला. वकिलाने लिहिलेलं बँकवाल्याच्या लक्षात राहिलं नाही. कुणाच्याच राहिलं नाही.

एकाच्या मात्र राहिलं होतं. लूशियस स्पेरी. जमिनीचा दलाल. स्टेशनाभोवती इमोजीन वसणार म्हटल्यावर शेजारची गुनहिल्डची जमीन सोन्याची होणार हे त्याने सगळ्यात आधी ओळखलं होतं. शिवाय तिच्या विहिरीचं पाणी गोडं होतं, आणि स्टेशनजवळ दुसरं गोडं पाणी नव्हतं.

मार्चमधली ती बुधवारची सकाळ. आमची बँक आदल्या दिवशीच निघाली होती आणि ओढ्याच्या चढावर अर्ध्या वाटेत अडकून पडली होती. ऊन पडून बर्फ मऊ झालं होतं. दुपारी जादा बैलजोड्या येणार होत्या. संध्याकाळपर्यंत इमोजीनला पोचणं भाग होतं, कारण स्टेशनसमोरचा कोपऱ्याचा प्लॉट, बँकेला त्याहून चांगली जागा नव्हती, कंपनीच्या माणसाने कबूल केला होता तो अशा अटीवर की बुधवारी सूर्य मावळताना ज्याची इमारत त्यावर उभी असेल त्याचा. पूर्वेकडचा एक बँकवाला गाडीने सामान घेऊन टपून बसला होता. गाडीवाले ऑरिनशिवाय तिजोरीला हात लावायला तयार नव्हते. वाटेत काही झालं तर आमच्या बोडक्यावर नको, म्हणाले.

आमचं राहणंही बँकेतच, मागच्या खोलीत. तर आम्ही तिरप्या जमिनीवर, तिरप्या टेबलाशी नाश्ता करत होतो. खारं डुकराचं मांस, मक्याची भाकरी आणि कॉफी, तीही कपात तिरपी. खिडकीतून स्पेरीची बर्फगाडी जाताना दिसली. त्याने टोपी उचलून मला इतका लवून नमस्कार केला की मला संशयच आला.

“हा कुठे चाललाय?” मी म्हटलं. “तिकडे पाल्मायरात आता खड्ड्यांशिवाय आहे काय?”

ऑरिनने घास तोंडाशी नेला होता तो तसाच खाली ठेवला. मला विचारलं आज तारीख काय. मी सांगितली. गुनहिल्डच्या नोटिशीतली तारीख तीच होती. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. वकील, बँकवाला आणि जज्ज असे तिघंही मला त्या चेहऱ्यावर एकामागून एक दिसले. बँकवाला म्हणत होता की आज कोपरा गेला तर जन्मभर गल्लीत बसावं लागेल. वकील म्हणत होता की नवी नोटीस काढता येईल, आणि लगेच स्वतःच म्हणत होता की तोवर स्पेरी जमीन मागून मोकळा होईल. जज्ज तेवढा खुंटीवरच्या टोपीकडे बघत होता.

मी म्हटलं, “तुम्हां तिघांचं काय ठरायचं ते लवकर ठरू दे. मी घोडा जोडते.”

मी घोडा जोडून आले तर तो दारात उभा होता. एका काखेत बायबल आणि कोरे फॉर्म, दुसऱ्या काखेत सरकारी शिक्का उठवायचं यंत्र, आणि पाठीवर खुर्चीसकट टेबल. एवढा घाबरलेला आणि एवढा शहाणा मी त्याला क्वचितच बघितला होता. शाईची बाटली मी माझ्या कपड्यांच्या आत, पोटाशी ठेवली, नाहीतर वाटेतच गोठली असती. गाडीवाल्यांना निरोप ठेवला की गुनहिल्ड आली तर तिला पाल्मायराकडे पाठवा. त्यांनी विचारलं, आणि बँक? ऑरिन म्हणाला, बँक आहे तिथे आहे.

पाल्मायरात शिरलो. चार वर्षं राहिलो होतो आम्ही तिथे. रस्ता होता, दोन्ही बाजूंना घरं नव्हती. घरांच्या जागी नुसते तळघरांचे चौकोनी खड्डे. हा न्हाव्याचा, त्यात फुटका आरसा. हा हॉटेलचा, त्यात बाटल्या. हा आमचा. मातीच्या पायऱ्या तशाच होत्या आणि कोपऱ्यात मी विसरलेले सलगम कुजत पडले होते. ऑरिनने खड्ड्यात टेबल मांडलं, त्याच्या मते बरोबर तिथेच जिथे वर ते असायचं. मग तो खुर्चीवर बसला, टोपी काढली आणि मोठ्याने सांगितलं की कचेरी उघडली आहे. ऐकायला मी आणि एक कावळा.

आणि स्पेरी. तो काठावर आपल्या बर्फगाडीत मांड्यांवर ब्लँकेट घेऊन बसला होता. आम्हाला बघून त्याला मजा वाटली असावी.

“जज्जसाहेब, याला तुम्ही कचेरी म्हणता?” त्याने वरून विचारलं.

“अधिकारी बसतो ती कचेरी,” ऑरिन म्हणाला.

“कायद्यात तसं लिहिलंय?”

“कायद्यात तसं नाही असंही लिहिलेलं नाही.”

हे वकील बोलला. मला जरा धीर आला. पण गुनहिल्डचा पत्ता नव्हता. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं. आम्ही गार भाकरी खाल्ली. ऑरिन अधूनमधून इमोजीनच्या दिशेने बघायचा, आणि मला कळायचं की तो बैलजोड्यांचा विचार करतोय. स्पेरीलाही कळायचं. आत्ता निघालात तर कोपरा मिळेल हो, असं तो एकदा म्हणाला, अगदी आपुलकीने. ऑरिनने मान वर केली नाही. पायाच्या बोटांना मुंग्या येत होत्या म्हणून तो टेबलाखाली पाय आपटत होता, तेवढाच काय तो आवाज.

ऊन तिरपं झालं तेव्हा स्पेरीने गौप्यस्फोट केला. आता सांगायला हरकत नाही अशा सुरात म्हणाला, “ती बाई काही येत नाही. कालच तिला सांगून आलोय मी. म्हटलं, उगाच थंडीत कशाला वणवण करता, गाव हललं, जज्जसाहेब संध्याकाळी इमोजीनला पोचतीलच, तुम्ही स्टेशनात शेकोटीपाशी बसा.”

मी हिशोब केला. सात मैल जायचे आणि सात यायचे, एक दमलेला घोडा, आणि सूर्य हातभर वर. मी तरी उठले. स्पेरीला काय काय बोलले ते लिहीत नाही, व्हरमाँटमध्ये आमचं घराणं सभ्य समजलं जातं. ऑरिनने मला हात धरून खाली बसवलं. म्हणाला, “फिडी, बस. मी इथे सूर्य मावळेपर्यंत बसेन. ती नाही आली तरी बसेन. निदान जज्ज जागेवर नव्हता म्हणून जमीन गेली असं तिला म्हणावं लागू नये.”

मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. मी बसले. शाईची बाटली हाताने चाचपली, ती अजून कोमट होती.

सगळ्यात आधी ऐकू आला तो बैलांच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज. मग चढावरून बैलांची शिंगं वर आली, मग घसरगाडी. पुढे चालत होती गुनहिल्ड, खांद्यांवरून पायांपर्यंत ते बायसनचं कातडं गुंडाळलेलं. मागे तिचे दोन साक्षीदार, उपदेशक आस्लाक आणि मॅलाकी डून नावाचा आयरिश, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नसतं. गाडीवर काहीतरी मोठं, सपाट, पोत्यांनी झाकलेलं होतं.

गुनहिल्डने खड्ड्यात वाकून बघितलं, ऑरिन दिसल्यावर मान डोलावली आणि साक्षीदारांना खूण केली. त्यांनी पोती बाजूला केली. ते आमच्या बँकेचं दार होतं. बिजागऱ्यांसकट. सोनेरी अक्षरांसकट.

“स्पेरी मला आपणहून कधी चांगलं सांगत नाही,” गुनहिल्ड म्हणाली, “म्हणून स्टेशनात न थांबता विचारत आले. तुमच्या माणसांनी सांगितलं, जज्ज पाल्मायरात. नोटिशीत लिहिलंय, पाल्मायरा गावी आणि कचेरीत. आस्लाकने वाचून दाखवलंय मला. आता जज्ज इकडे आणि कचेरी तिकडे. अख्खी कचेरी माझ्या बैलांना ओढवेना. दार आणलं.”

मॅलाकी म्हणाला की बिजागऱ्या काढायलाच वेळ गेला, जज्जसाहेबांनी स्क्रू फार चांगले वापरलेत.

ऑरिनला हसू आलं होतं, पण जज्जाने ते गिळलं. त्याने दार पायऱ्यांच्या वर उभं करायला सांगितलं. आस्लाकने एका बाजूने धरलं, मॅलाकीने दुसऱ्या. चहूबाजूंनी मोकळं आकाश आणि मध्ये एक बंद दार. गुनहिल्डने ते उघडलं, आत आली, पायऱ्या उतरून टेबलासमोर उभी राहिली. स्पेरी काठावरून उडी मारून खड्ड्यात उतरायला लागला तसा ऑरिन म्हणाला, “स्पेरी, कचेरीत यायचं तर दारातून या. आणि टोपी काढा.”

आणि तो आला हो, दारातून, डोकं खाली घालून, टोपी हातात धरून. तेवढ्यासाठी मी त्या दिवसाची सगळी थंडी माफ केली.

आस्लाकने दार मॅलाकीच्या खांद्यावर सोपवलं, बायबलवर हात ठेवला आणि शपथ घेतली. ऑरिन फॉर्मवरचे प्रश्न विचारत गेला आणि उत्तरं लिहीत गेला. टॉल्लेफ कधी आला. किती नांगरलं. विहीर, गोठा, गाय. सगळं चोख होतं. दर दोन ओळींनी मी बाटली परत पोटाशी घ्यायची. मग तो पुढचं वाचायला लागला, “घर: मातीच्या ढेपांचं. खिडकी?”

“एक,” आस्लाक म्हणाला.

“दार?”

मला एकदम ते दार आठवलं. आस्लाकने बायबलवरच्या आपल्या हाताकडे बघितलं. दुसऱ्या कुणी एक म्हणून टाकलं असतं. मॅलाकीने तर दाराआडून खोकून खोकून त्याला खुणा केल्या. पण आस्लाक शपथेवर खोटं बोलणारा माणूस नव्हे, गुनहिल्डसाठीही नव्हे.

“दार नाही,” तो म्हणाला.

स्पेरी म्हणाला, “लिहा जज्जसाहेब. दार नाही. राहण्यालायक घर नाही. मी तेच बघून आलो होतो.”

गुनहिल्ड हलली नाही. ते कातडं तिने गळ्याशी घट्ट धरलं होतं. ऑरिनने चष्मा काढला. कधीच नव्हतं का, असं त्याने विचारलं. आस्लाक म्हणाला, होतं. मग गेलं कुठे?

“टॉल्लेफबरोबर,” आस्लाक म्हणाला. “तिने त्याची पेटी केली. लाकूड नव्हतं कुठे. सगळं गावाखाली होतं.”

ऑरिनने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.  गाव हलवायची सभा घेतली होती ती त्याने, आणि ते लाकूड कुणाच्या घरांखाली गेलं होतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मग तो लिहायला लागला, आणि लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. 

“दार एक. जानेवारीत मालक वारला तेव्हा लाकूड न मिळाल्याने ते त्याच्या पेटीस लावले. घरात वस्ती एक दिवसही खंडित नाही.”

मग चष्मा लावून तो स्पेरीकडे वळला. म्हणाला, “यावर तुमची हरकत असेल तर बोला. मी ती याच ओळीखाली लिहीन, तुमच्या नावासकट. कागद लँड ऑफिसात जाईल आणि नोटीस जिथे छापली होती त्याच पेपरात छापूनही येईल, तेवढा खर्च मी करेन. मेलेल्याच्या पेटीवर हरकत घेणारा माणूस प्लॉट विकतो कसे, हे लोकांनाही कळेल.”

स्पेरीने गुनहिल्डकडे बघितलं, मग आस्लाककडे. त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि मातीची कड चढून वर जायला लागला. पाय घसरत होता. मॅलाकी म्हणाला, “साहेब, दार इकडे आहे.”

हरकत आली नाही. मॅलाकीची साक्ष झाली. ऑरिनने सही केली, शिक्का उठवला. गुनहिल्डने शेवटी सही केली तेव्हा सूर्याची नुसती कड उरली होती. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी चक्क त्या मातीच्या पायरीवर बसून रडले, आणि रडताना शाईची बाटली माझ्याच कपड्यांत सांडली. तो डाग अजून आहे.

आस्लाक दार गाडीवर चढवायला लागला, बँकेत परत नेऊन बसवू म्हणाला. ऑरिन म्हणाला, बँकेत नको, हिच्या घरी न्या.

“आणि बँकेला काय?” मी विचारलं. “आत तिजोरी आहे, आठवतंय का?”

“बँकेला काहीतरी लटकवू.”

गुनहिल्डने ऐकलं नाही. फुकट काही घेणाऱ्यातली ती नव्हेच. तिने खांद्यांवरचं ते कातडं काढलं, घडी घालून टेबलावर ठेवलं. दाराच्या बदल्यात दार, एवढंच म्हणाली. आस्लाकने आपला कोट तिला दिला आणि ते अंधार पडायच्या आत निघाले. मॅलाकी बैलांना आयरिश भाषेत काहीतरी सांगत होता.

कोपऱ्याचा प्लॉट अर्थातच गेला. पूर्वेकडचा बँकवाला तिथे बसला, दगडी पायऱ्या आणि पितळी कठडा घेऊन. आमची बँक मागच्या गल्लीत, पेंडीच्या दुकानाशेजारी. नव्या दाराची फळी येईपर्यंत वसंतभर तिला ते कातडं लटकत होतं आणि आत तिजोरी. एक कुत्रा सोडला तर कुणी न विचारता आत गेलं नाही. लोक कातडं बाजूला सारून वाकून आत यायचे, स्पेरी वाकला होता तसे, आणि पैसे ठेवून जायचे. ऑरिनला याचं आश्चर्य वाटायचं. मला नाही वाटलं. वकील, बँकवाला आणि जज्ज यांचं भांडणही त्यानंतर बरंच मिटलं. अंड्याचं सोडून.

जमिनीचा पक्का कागद आला तेव्हा तो घेऊन मीच गुनहिल्डकडे गेले. दार बसवलं होतं, मातीच्या भिंतीत घट्ट. सोनेरी अक्षरं तिने आतल्या बाजूला घेतली होती, चुलीच्या उजेडात चमकत होती. मी म्हटलं, रंगाऱ्याला पाठवते, नाव खरवडून देईल. तुझ्या घरात जज्जाची कचेरी कशाला?

तिने माझ्यापुढे कॉफी ठेवली.

“राहू दे, बाई,” ती म्हणाली. “पहिलं दार टॉल्लेफबरोबर गेलं, त्यावर नाव घालायला वेळच मिळाला नव्हता.”

आम्ही कॉफी प्यायलो. निघताना तिने ते दार माझ्यासाठी उघडून धरलं, आणि मी गेल्यावर लावून घेतलं.